बांबू केव्हा तोडावा?

कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा येथे पावसाळ्यात धुवाधार पाऊस पडतो. छपराच्या बांबूस भुंगा लागला, तर त्यातून पीठ झडू लागते आणि ऐन पावसात छप्पर खचते. म्हणून बांबू वद्य पक्षात, अमावास्येच्या सुमारास तोडावा, असे जुनी माणसे सांगत. परंतु चंद्रकलेपेक्षा ऋतूचा प्रभाव मोठा. भुंग्याचे खाद्य म्हणजे बांबूतील पिष्ट. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब फुटतात. त्यांच्या वाढीत हे साठविलेले पिष्ट खर्ची पडते. यास्तव पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला बांबू अधिक टिकतो. कोरड्या हवेत तो लवकर वाळतोही. मात्र कडक उन्हात तडकतो, म्हणून सावलीत उभा करून ठेवतात. तत्पूर्वी तो वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास उरलेले पिष्टही पुष्कळसे निघून जाते.