बर्फात पिकअप ट्रक: टू-व्हील ड्राइव्ह पुरेल, की फोर-व्हील ड्राइव्हच हवी?



अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली बरीच मुलं सेकंड-हँड पिकअप शोधत असतात. फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरोले सिल्व्हराडोसारखं एकच मॉडेल टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळतं आणि फोर-व्हील ड्राइव्हमध्येही. दुसरी अर्थातच महाग. मी नोकरीनिमित्त डेन्व्हरमध्ये राहतो, त्यामुळे थंडी सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न हमखास येतो: "भावा, इथे बर्फ पडतो. टू-व्हील घेतली तर चालेल का?"

चला, नीट समजून घेऊया. कारण अर्धवट माहितीवर गाडी घेतली तर प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

मूळ अडचण काय आहे?

मोठ्या पिकअपमध्ये इंजिन पुढे असतं आणि टू-व्हील ड्राइव्ह असेल तर ताकद जाते मागच्या दोन चाकांना. मागे काय असतं? रिकामा हौदा. म्हणजे वजन पुढे आणि ढकलायचं काम मागे. हौद्यात माल भरलेला असेल तर हे गणित छान जमतं, पण रिकाम्या गाडीची मागची चाकं हलकी पडतात आणि बर्फात जागच्या जागी फिरत बसतात. वळणावर जरा जास्त अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर मागची बाजू सरळ बाहेर फेकली जाते.

आकड्यांत बघूया

समजा गाडी २००० किलोची आहे आणि त्यातलं ८४० किलो वजन मागच्या चाकांवर आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ असतो. दबलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो. आता १० टक्के चढ घ्या, म्हणजे १०० मीटरला १० मीटर उंची. तो चढायला गाडीला साधारण २०० किलो वजनाइतका जोर लागतो.

• टू-व्हील ड्राइव्ह: ८४० × ०.२ = १६८. गाडी चढणार नाही.
• हौद्यात २०० किलो वाळूची पोती: १०४० × ०.२ = २०८. पण आता गाडी २२०० किलोची झाली, म्हणजे जोरही २२० लागणार. थोडक्यात हुकलं.
• टू-व्हील ड्राइव्ह आणि चांगले विंटर टायर (गुणांक ०.३ धरू): ८४० × ०.३ = २५२. चढली!
• फोर-व्हील ड्राइव्ह, साधे टायर: २००० × ०.२ = ४००. आरामात चढली.

चढावर थोडं वजन मागच्या चाकांकडे सरकतं, ते इथे सोपेपणासाठी सोडून दिलंय. पण मुद्दा लक्षात आला असेल. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचं सगळं वजन कामाला लावते, म्हणून ती निघते. वाळूची पोती टाकायचीच असतील तर ती मागच्या एक्सलच्या वर ठेवा आणि घट्ट बांधा, नाहीतर ब्रेक लावल्यावर तीच पुढे येऊन आदळतील.

डिफरन्शियलचा घोळ

टू-व्हील ड्राइव्ह म्हणजे दोन चाकं ओढतात, असं आपण समजतो. पण साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो आणि तो किती मिळणार हे कमी ग्रिप असलेलं चाक ठरवतं. कोडिंग करणाऱ्यांसाठी सांगायचं तर हे सरळसरळ मिनिमम फंक्शन आहे. एक चाक निसरड्या बर्फावर असेल तर ते गरगर फिरतं आणि दुसरं चाक चांगल्या जागी असूनही ढिम्म राहतं. म्हणून जुनी गाडी घेताना लिमिटेड-स्लिप किंवा लॉकिंग डिफरन्शियल आहे का, हे विचाराच. नव्या गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हीच अडचण कमी करतं.

ब्रेक लावताना दोघी सारख्याच

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबताना फोर-व्हील ड्राइव्हचा काहीही उपयोग होत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक लावला तर:

• कोरडा रस्ता: साधारण १४ मीटर
• बर्फ, विंटर टायर: साधारण ३३ मीटर
• बर्फ, साधे टायर: साधारण ४९ मीटर

ब्रेक लावायचं सुचेपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते, ते अंतर यात धरलेलं नाही. धोका इथेच आहे. टू-व्हील ड्राइव्हची चाकं निघतानाच घसरतात, म्हणून ड्रायव्हर आपोआप सावध होतो. फोर-व्हील ड्राइव्ह झटकन वेग घेते आणि रस्ता किती निसरडा आहे हे पहिला सिग्नल लाल होईपर्यंत कळतच नाही.

फोनचंच उदाहरण घ्या. प्रोसेसर कितीही भारी असू दे, नेटवर्कची एकच काडी असेल तर व्हिडिओ अडकणारच. टायर म्हणजे गाडीचं नेटवर्क.

टायर कसे ओळखायचे?

साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह शोधा. ते बर्फावरची चाचणी पास झाल्याची खूण आहे. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ते फक्त नक्षीबद्दल सांगतं. आणि विंटर टायर चारही चाकांना लावा. फक्त मागे लावले तर गाडी निघेल छान, पण वळणार आणि थांबणार नाही.

फोर-व्हील ड्राइव्ह कधी वापरायची?

बहुतेक पिकअपमध्ये तीन मोड असतात. टू-हाय रोजच्या कोरड्या रस्त्यासाठी. फोर-हाय बर्फाळ रस्त्यासाठी. फोर-लो रुतलेली गाडी काढायला किंवा अगदी हळू, तीव्र चढ-उतारासाठी. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधला जातो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर फोर-हायमध्ये वळलात तर टायर घासतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. रस्ता कोरडा झाला की परत टू-हाय.

नियम काय सांगतात?

कोलोरॅडोत आय-७० च्या डोंगराळ भागात सप्टेंबर ते मे या काळात फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी टायरची नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे जवळपास ५ मिलिमीटर लागते. कॅलिफोर्नियात आर-२ पातळीला स्नो टायर असलेल्या फोर-व्हील गाडीला चेन लावण्यातून सूट आहे, पण चेन सोबत हव्यात. आर-३ ला कुणालाच सूट नाही. आपल्याकडे मनालीच्या पुढेही बर्फ पडल्यावर पोलीस बऱ्याचदा फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात.

मग घ्यायची कोणती?

• शहरात राहता, रस्ते लवकर साफ होतात, चढ फारसा नाही: टू-व्हील ड्राइव्ह घ्या आणि वाचलेल्या पैशांतून आधी चार विंटर टायर.
• घराकडे जाणारा रस्ता चढाचा आहे, पहाटे बर्फ काढणारी गाडी यायच्या आत निघावं लागतं, किंवा ट्रेलर ओढायचाय: फोर-व्हील ड्राइव्ह आणि विंटर टायर, दोन्ही.
• बजेट फोर-व्हील ड्राइव्हवरच संपतंय आणि टायर गुळगुळीत आहेत: ती गाडी सध्या सोडा.

आणि गाडी कुठलीही असो, हौद्यात एक फावडं ठेवा आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. बर्फात गाडी निघाली म्हणजे झालं असं नाही, ती वेळेवर थांबलीही पाहिजे.