अवघड जागेचे दुखणे आणि धीराचे औषध
गुदद्वाराची चीर भरत का नाही, आणि उपचार कोणत्या क्रमाने घ्यावेत?

विशेष प्रतिनिधी

वर्धा - 'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण मराठीत उगाच रूढ झालेली नाही. गुदद्वाराला पडणारी चीर, म्हणजेच 'फिशर', हे दुखणे नेमके याच जातीचे. घरात बोलता येत नाही आणि डॉक्टरांसमोर दाखवण्याचा संकोच वाटतो. मग औषधाच्या दुकानातून मूळव्याधीचे मलम येते. आठवडाभरात गुण आला नाही की कुणी सांगितलेला काढा सुरू होतो, तोही सुटतो आणि रुग्ण 'बिना ऑपरेशन इलाज' अशा पाटीच्या दारात जाऊन उभा राहतो. चीर मात्र तशीच राहते.

बापूंनी लपवले नाही

या दुखण्याविषयी संकोच न ठेवता लिहिणारी व्यक्ती वर्धेकरांना परकी नाही. पुढे १९३६ मध्ये सेवाग्रामला वास्तव्यास आलेल्या महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत ही हकिकत सांगितली आहे. १९१८ मध्ये त्यांना आमांशाचा तीव्र विकार जडला. हवापालटासाठी ते माथेरानला गेले. पण तेथील जड पाणी मानवले नाही. गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या. शौचाच्या वेळी इतक्या वेदना होत, की खाण्याच्या विचारानेही त्यांना धसका बसे. आठवड्याच्या आतच त्यांनी माथेरान सोडले. मुंबईत डॉ. दलाल यांनी अशक्तपणा भरून काढण्यासाठी दूध घेण्याचा आग्रह धरला. गांधीजींचे दूध न पिण्याचे व्रत होते. कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला. पुढे जानेवारी १९१९ मध्ये डॉ. दलाल यांनी चिरांवर शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. माती आणि पाण्याच्या उपचारांवर नितांत श्रद्धा असलेल्या माणसानेही वेळ येताच शस्त्रक्रिया स्वीकारली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

चीर भरत का नाही?

कठीण मल बाहेर पडताना गुदद्वाराची नाजूक त्वचा फाटते. वेदनेमुळे आतला स्नायू आवळला जातो. हा स्नायू आपल्या इच्छेने सैल करता येत नाही. तो घट्ट राहिला, की चिरेच्या जागी रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. दुखण्याच्या भीतीने रुग्ण शौचाला जाणे टाळतो. त्यामुळे मल आणखी कठीण होतो आणि दुसऱ्या दिवशी चीर पुन्हा उकलते. हे चक्र सहा ते आठ आठवड्यांहून अधिक चालले, तर चीर जुनाट समजली जाते. तिच्या बाहेरच्या टोकाला त्वचेचा लहानसा कोंब येतो. त्यालाच लोक मूळव्याधीचा मोड समजतात आणि चुकीचे उपचार सुरू होतात.

पायरीपायरीने उपचार

पहिली पायरी स्वयंपाकघरातली. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, साल असलेल्या डाळी, फळे आणि भरपूर पाणी यांमुळे मल मऊ राहतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाणी कमी पडले की बद्धकोष्ठता ठरलेलीच. इसबगोल घेताना त्यासोबत पेलाभर पाणी हवेच. झणझणीत ठेचा आणि सावजी रस्सा काही दिवस दूर ठेवलेला बरा. शौचानंतर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसल्यास आवळलेला स्नायू सैल पडतो. नव्या चिरांपैकी बऱ्याचशा एवढ्यानेच भरून येतात.

दुसरी पायरी मलमांची. डिल्टियाझेम, निफेडिपिन किंवा ग्लिसरिल ट्रायनायट्रेट ही मलमे स्नायू सैल करून रक्तपुरवठा वाढवतात. शेवटच्या मलमाने काहींचे डोके दुखते. ही मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा ते आठ आठवडे नेमाने लावावी लागतात. चार दिवसांत दुखणे कमी झाले म्हणून मलम सोडणे, ही सर्वांत नेहमीची चूक. केवळ बधिर करणारे मलम वेदना दडवते. चिरेचे मूळ कारण दूर करत नाही.

आयुर्वेदात 'परिकर्तिका' या नावाने अशाच दुखण्याचे वर्णन आहे. त्यातील उपचार घ्यायचे असल्यास नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्यावेत. दर आठवड्याला उपचारपद्धती बदलू नये.

मलमाने गुण आला नाही, तर बोटुलिनम इंजेक्शनने स्नायू काही महिन्यांसाठी शिथिल करता येतो. शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा. तीत आतल्या स्नायूचा थोडासा भाग छेदतात. दहापैकी नऊहून अधिक रुग्णांची चीर यामुळे भरते. मात्र, काही जणांना नंतर वायू रोखणे कठीण जाते. म्हणूनच, विशेषतः प्रसूतीत इजा झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत, शल्यचिकित्सक हा निर्णय जपून घेतात.

या खुणा दुर्लक्षू नका

चीर नेहमीच्या मागच्या किंवा पुढच्या मध्यरेषेवर नसून बाजूला असेल, एकापेक्षा अधिक चिरा असतील, वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा पू वाहत असेल, तर क्षयरोग, आतड्यांचा दाह अशा आजारांची तपासणी आवश्यक ठरते. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर प्रथमच रक्त जाऊ लागले, तर ते मूळव्याधीचेच असेल असे गृहीत धरू नये; कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय येथे शल्यचिकित्सा विभाग आहेत. डॉक्टरांसाठी हे दुखणे नेहमीचेच असते. संकोच असतो तो रुग्णाच्या मनात. ज्या दुखण्याविषयी बापूंनी जगासमोर लिहिले, ते डॉक्टरांसमोर सांगताना आपण का लाजावे? एकदा निदान झाले, की पुढचे औषध निम्मे मलमात आणि निम्मे धीरात असते.