गुडघ्याचे लिगामेंट : ऑपरेशन केव्हा, कामावर केव्हा?

गुडघा मुरगळला की आपल्याकडे दोन तऱ्हा दिसतात. एक जण हाडवैद्याकडून लेप लावून घेतो आणि वर्षभर लंगडतो. दुसरा तिसऱ्याच दिवशी एमआरआयचा कागद घेऊन येतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, लिगामेंट तुटले म्हणतात, उद्याच ऑपरेशन करून टाकू का?" पहिल्याला समजावणे अवघड असते हे खरे, पण आज मी दुसऱ्याविषयी लिहिणार आहे.

गुडघ्याचा सांधा चार मुख्य लिगामेंटनी बांधलेला असतो. दोन बाजूंना दोन आणि आत फुलीसारखी एकमेकांना छेदणारी दोन. आतल्यांपैकी पुढचे, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, ते नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. पाय रोवलेला असताना अंग एकदम वळले की ते तुटते. कबड्डीतील पकड, यात्रेतील कुस्तीचा फड, मोटारसायकल घसरणे ही नेहमीची कारणे. आपल्या भागात आणखी एक आहे. केळीच्या बागेत पाय चिखलात रुततो, खांद्यावर घड असतो, अंग फिरते आणि पाय जागचा हलत नाही. आत 'कट्' आवाज होतो व काही तासांत गुडघा टम्म फुगतो. साध्या एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, म्हणून "हाड मोडले नाही, मुका मार आहे" असे समजून पुष्कळ जण घरी बसतात.

आता घाईबद्दल. एसीएल तुटले की बहुतेक वेळा ते शिवत नाहीत. रुग्णाच्याच शरीरातून, बहुधा मांडीच्या मागच्या बाजूची, दोरीसारखी कंडरा काढून दुर्बिणीतून नवे लिगामेंट बसवतात. म्हणून काही आठवडे थांबल्याने काही हातचे जात नाही. उलट सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केले तर तो कायमचा आखडण्याची भीती असते. सूज उतरावी, पाय पूर्ण सरळ व्हावा, गुडघा बऱ्यापैकी वाकावा आणि पाय ताठ ठेवून उचलता यावा, मगच ऑपरेशन करावे. याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. हे दिवस खाटेवर पडून काढायचे नाहीत. मांडी आवळून सोडणे, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणे असे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून दिवसातून चार वेळा करावेत. आणि घरातील मंडळी प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात, ती काढून टाकावी. बरे वाटते, पण पाय वाकडाच राहतो.

घाई करण्यासारखेही काही प्रसंग आहेत. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, हाड तुटले असेल, पाऊल गार किंवा बधिर पडले असेल, किंवा एकापेक्षा जास्त लिगामेंट तुटली असतील, तर तातडीने हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. "क्रिकेटपटू ऋषभ पंतचे तर आठवड्यात केले," असे मला एकाने सुनावले. पंतची मोटार ३० डिसेंबर २०२२ रोजी उलटली आणि ६ जानेवारी २०२३ रोजी मुंबईत गुडघ्याचे ऑपरेशन झाले, हे खरे. पण त्याची अनेक लिगामेंट तुटली होती. आणि तो सामना खेळायला उतरला मार्च २०२४ मध्ये, हे विसरू नये.

ऑपरेशन प्रत्येकाला लागतेच असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५९ जणांना आधी व्यायाम दिले व गरज पडल्यास ऑपरेशन ठरवले. दोन वर्षांत २३ जणांना ते करावे लागले, पाच वर्षांपर्यंत ३० जणांना. म्हणजे जवळपास निम्मे व्यायामावर निभावले. मात्र जुन्या दुखापतीत, जिथे गुडघा वारंवार दगा देतो, तिथे ऑपरेशन सरस ठरते असे २०२२ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासात दिसले. दर वेळी गुडघा निसटला की आतली गादी थोडी थोडी फाटत जाते, आणि गादी गेली की पुढे झीज ठरलेली.

रावेरकडचा एक तरुण माझ्याकडे येत असे. टोळीत केळीचे घड वाहण्याचे काम. सहा आठवड्यांच्या व्यायामाने सूज गेली, सपाट रस्त्यावर तो छान चालू लागला. पण बांधावरून ओझे घेऊन उतरताना गुडघा दोनदा निसटला. अशा कामाला तो गुडघा चालणार नव्हता. तो म्हणाला, "ऑपरेशनची भीती नाही साहेब, टोळीतली जागा जाईल." मी त्याला म्हटले, भाऊ, आधी मुकादमाशी बोल, मग तारीख घे. त्याच्या जागी धाकटा भाऊ उभा राहिला. तिसऱ्या महिन्यात त्याला बसून घड मोजण्याचे काम मिळाले आणि सहा महिने भरल्यावर तो पुन्हा ओझ्याला लागला.

सुट्टीचा हिशेब असा कामावर ठरतो. टेबलावरचे काम करणारा दोन-तीन आठवड्यांत रुजू होऊ शकतो. दिवसभर उभे राहणारा शिक्षक किंवा दुकानदार यांनी सहा ते आठ आठवडे धरावेत. मोटारसायकल निदान सहा आठवडे नको. शेतकाम, हमाली, शिडी चढणे, भुसावळला रुळांवरच्या गिट्टीवरून चालणे यांना चार ते सहा महिने, आणि कबड्डी-कुस्तीला नऊ महिन्यांच्या आत परवानगी मागू नये. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणे थांबते आणि माणूस फसतो. नवी दोरी त्या वेळी कच्चीच असते.

म्हणून तारीख ठरवताना कामाकडून उलटे मोजावे. कापूस वेचणी आटोपून जानेवारीत ऑपरेशन केले तर मृगाच्या पेरणीपर्यंत चार-पाच महिने मिळतात. मे महिन्यात केले तर पेरणीच्या वेळी कुबडी हातात असते. मात्र गुडघा वरचेवर निसटत असेल तर पुढच्या हंगामाची वाट पाहू नये, ओझे आजच बंद करावे.

जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतील ज्या कामगारांचा पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी आजारपणाचा भत्ता मागावा. अटी पूर्ण असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के मिळतात आणि इजा कामावरच झाली असेल तर नियम याहून उदार आहेत. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनचे कागद जपावेत. सरकारी योजनेतून ऑपरेशन बसते का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारावे. आणि सर्टिफिकेट मागताना डॉक्टरांना "किती दिवसांचे देता?" एवढेच न विचारता आपण नेमके काय काम करतो, किती किलो उचलतो, किती पायऱ्या चढतो, हे सांगावे. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण "नोकरी" एवढाच शब्द सांगतात.