दाढ हाडातून सुटते तेव्हा

भाताच्या घासात बारीकसा खडा आला की दाताला तो लगेच कळतो. याचं खरं तर आश्चर्य वाटायला हवं. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, आणि त्यात एकही मज्जातंतू नाही. मग खडा कळतो कुणाला? मुळाभोवतीच्या एका पातळ थराला. दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत कोलॅजनचे असंख्य धागे असतात. एक टोक मुळात रुजलेलं, दुसरं हाडात. दात या धाग्यांवर तोललेला असतो. दंतवैद्य त्यांना पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. आपण नुसतं बंध म्हणू. सुपारीचं खांड फोडताना दाढेवर साठ-सत्तर किलोंचा भार येऊ शकतो, तो हा बंध झेलतो. आणि खड्याची खबर मेंदूला पोचवतो तोही हाच.

दाढ काढायची म्हणजे हा बंध सोडवायचा. खुर्चीत बसल्यापासून जखम भरेपर्यंत जे जे जाणवतं, त्यातल्या कितीतरी गोष्टींचं कारण या पाव मिलिमीटरमध्ये सापडतं. ते कळलं की भीती बरीच उतरते, असं मला मनापासून वाटतं.

उदाहरणाला खालची पहिली मोठी दाढ घेऊ. ती सहाव्या वर्षाच्या सुमाराला, दुधाच्या दाढांच्या मागे येते आणि तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे ही कायमची दाढ आहे हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘पडेल आणि दुसरी येईल’ म्हणत कीड वाढू दिली जाते. रूट कॅनॉल करून वाचण्यासारखी असेल तर ती वाचवावीच. पण मुळापर्यंत किडली किंवा उभी चिरली की काढणं भाग पडतं. आधी एक्स-रे काढतात, कारण तिची मुळं सरळ आहेत की वाकडी, आणि जबड्यातून जाणाऱ्या मज्जातंतूपासून ती किती लांब आहेत, हे पाहावं लागतं. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेलं औषध, हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगायचं. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

मग भूल. भुलीच्या इतिहासात दाताचा वाटा केवढा मोठा आहे! १८४४ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १८४६ मध्ये बोस्टनला विल्यम मॉर्टनने ईथर देऊन एका रुग्णाचा दात काढला, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच तिथल्या मोठ्या रुग्णालयात ईथरखाली शस्त्रक्रिया करून दाखवली गेली. आज आपल्या हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमधल्या निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी तयार केलं. वेदनेचा संदेश पुढे सरकायला मज्जातंतूत सोडियम शिरावं लागतं. लिग्नोकेन ते शिरणंच अडवतं. सोबत किंचित अॅड्रिनलिन असतं. त्याने आसपासच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथेच टिकून राहतं. इंजेक्शननंतर छातीत थोडी धडधड झाली तर ती बहुधा त्याचीच, आणि ती लवकर शमते.

वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, त्यामुळे दाताशेजारी टोचलं तरी औषध आत झिरपतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड मात्र घट्ट. म्हणून सुई पार मागे, मज्जातंतू जबड्यात शिरतो त्या जागेजवळ टोचतात, आणि अर्धा ओठ, कधी अर्धी जीभही जड होते. ओठ सुजल्यासारखा वाटतो. आरशात पाहावं तर सूज नसते. पू झालेल्या दाढेला भूल नीट चढत नाही, कारण तिथला आम्लपणा औषधाला मज्जातंतूच्या आवरणातून आत जाऊ देत नाही. त्यामुळे काही वेळा डॉक्टर आधी पू काढतात किंवा सूज उतरू देतात.

‘दुखणार नाही, पण दाब जाणवेल,’ असं डॉक्टर सांगतात ते नुसतं धीर देण्यासाठी नसतं. वेदना वाहणारे मज्जातंतू बारीक असतात आणि भुलीला लवकर बधतात. दाब सांगणारे जाड तंतू उशिरा बधतात, कधी पुरते बधतच नाहीत. म्हणून ढकलणं कळतं, डोक्यात करकर ऐकू येते, पण दुखत नाही. ती करकर हाडातून थेट कानात पोचते, म्हणून एवढी मोठी वाटते. बाहेर उभ्या माणसाला ती फारशी ऐकूही येत नाही. दुखलंच तर डावा हात वर करायचा. भूल आणखी देता येते.

आता प्रत्यक्ष काढणं. चिमट्याने धरून ओढायचं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ओढणं अगदी शेवटी आणि अगदी थोडं. आधी पात्यासारखं एक हत्यार दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत सरकवून बंधाचे धागे सोडवतात. मग चिमटा दाढेला धरून गालाकडे आणि जिभेकडे सावकाश दाबत राहतात. जमिनीत घट्ट बसलेला खुंटा आपण उपटत नाही, हलवून हलवून त्याचा खड्डा रुंद करतो, तसंच हे. जिवंत हाडाला थोडी लवचीकता असते; झटका दिला तर ते मोडेल, पण संथ दाब दिला तर सरकतं. चांगला दंतवैद्य घाई करत नाही याचं कारण हे आहे, आणि त्याच्या मनगटातला तो संयम मला फार सुंदर वाटतो. मुळं फाकलेली असतील तर दाढेचे दोन तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढतात.

पुढचं काम शरीराचं. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, तेवढ्यात खळग्यात रक्ताची गुठळी बसते. तिला जपायचं. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री काही नाही. थंड दूध, दहीभात, आइस्क्रीम चालतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. गुठळी निसटली तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत जाणारा ठणका लागतो. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. तेव्हा घरी सोसत बसू नये. डॉक्टर खळगा धुऊन, बहुधा लवंगेच्या तेलातलं औषध भरतात आणि आराम पडतो.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही आपल्याकडची समजूत मात्र सोडून द्यावी. दृष्टीचा मज्जातंतू आणि दातांचे मज्जातंतू वेगवेगळे आहेत. या भीतीपायी कित्येक जण सडलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात बाळगतात.

गुठळीत आठवड्याभरात नवी ऊती शिरते, काही आठवड्यांत वर हिरडी जुळते, आणि तीन ते सहा महिन्यांत खळगा हाडाने भरतो. पण बंध ज्या हाडात रुजलेला होता ते हाड दातासाठीच घडलेलं असतं. दात गेला की शरीर ते काढून घेतं. वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्मी होते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतली. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दात हळूहळू बाहेर सरकतो. इम्प्लांट किंवा ब्रिज बसवायचा असेल तर तो विषय दाढ काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावा, तो यासाठी.

याच बंधामुळे एक चमत्कार शक्य होतो. खेळताना मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो पुन्हा बसवता येतो. दात मुळाला न धरता वरच्या बाजूने धरावा, लगेच जागेवर बसवता आला तर बसवावा, नाहीतर थंड दुधात टाकून शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे न्यावा. मूळ घासून पुसायचं मात्र नाही, कारण तुटलेल्या बंधाच्या जिवंत पेशी अजून त्याच्यावर असतात आणि दात हाडाशी पुन्हा जुळायला त्याच लागतात.