सोप्या इंग्रजीत मोठा विषय : वर्सोव्याचा किनारा आणि आपलं उत्तन



चौथी-पाचवीच्या मुलांना इंग्रजीतून थोर व्यक्तींची ओळख करून द्यायची म्हटली की आपला साचा ठरलेला असतो. जन्म कधी, गाव कोणतं, पुरस्कार कोणते आणि शेवटी 'ही इज अ ग्रेट मॅन'. मुलं दहा ओळी पाठ करतात, स्नेहसंमेलनात घडाघडा म्हणूनही दाखवतात. पण त्या माणसाने नेमकं केलं काय, असं विचारलं की सगळे गप्प! भाषा सोपी झाली, पण सांगायचं तेच राहून गेलं.

माझ्या मते घोळ आहे तो 'इज'चा. 'इज' लावून एक विशेषण जोडलं की वाक्य तयार होतं, म्हणून आपण तेच शिकवत राहतो. ग्रेट, गुड, ब्यूटिफुल, डर्टी. त्याऐवजी साधी क्रियापदं घेतली तर तेवढ्याच छोट्या वाक्यात खरी गोष्ट सांगता येते. एक धडाच मांडून दाखवते.

अफरोज शाह हे मुंबईतले वकील. वर्सोव्याला समुद्राजवळ राहायला आल्यावर किनाऱ्यावरचा प्लास्टिकचा थर पाहून ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी स्वतः कचरा उचलायला सुरुवात केली. सोबतीला एकच माणूस, शेजारचे ८४ वर्षांचे हरबन्श माथुर. हळूहळू इतर रहिवासी, कोळी बांधव, विद्यार्थी येऊ लागले. दर शनिवार-रविवारी किनाऱ्यावर माणसं जमायला लागली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने शाह यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला.

आता हे इंग्रजीत. भूतकाळाची रूपं मुलांना अडतात, म्हणून गोष्ट सरळ वर्तमानकाळात सांगायची : 'अफरोज लिव्हज निअर द सी. ही सीज प्लास्टिक ऑन द बीच. ही पिक्स इट अप. ॲन ओल्ड नेबर हेल्प्स हिम. नेक्स्ट संडे, मोअर पीपल कम. दे क्लीन द बीच टुगेदर.'

शेवटच्या वाक्यात 'ही' जाऊन 'दे' आलं, तिथे थांबा. (मराठी मुलांची इथे गंमतच होते. 'ही' म्हटलं की त्यांना मुलगी वाटते, 'शी' म्हटलं की नाक मुरडतात आणि 'दे' म्हटलं की हात पुढे करतात! पाचेक मिनिटं हसून घेऊ द्या, सर्वनामं कायमची लक्षात राहतात.) मग विचारा, 'ही'चं 'दे' कुठे झालं? एका माणसाने अख्खा किनारा साफ केला नाही, त्याने सुरुवात केली आणि माणसं जोडली, हे मुलं स्वतः शोधून काढतात. एरवी ते समजावायला अर्धा तास गेला असता.

धड्यात आणखी दोन वाक्यं हवीतच : 'ही स्टॉप्स. ही स्टार्ट्स अगेन.' नोव्हेंबर २०१७ मध्ये, काम करणाऱ्यांना होणारा त्रास आणि प्रशासनाची ढिलाई यांना कंटाळून शाह यांनी मोहीम थांबवल्याचं जाहीर केलं होतं. नंतर ती पुन्हा सुरू झाली. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडून समुद्राकडे जाताना दिसली. कासवं मुलांना आवडतात म्हणून आपण तेवढंच सांगतो आणि थांबल्याची गोष्ट गाळतो. मला ते पटत नाही. पावसाळ्यात लाटा पुन्हा कचरा आणून टाकतात, काम संपत नाही, हेही मुलांना कळू द्यावं.

आता वर्सोव्याहून आपल्याकडे येऊ या. मीरा-भाईंदरच्या मुलांना उत्तन, पाली, चौक ही गावं माहीत असतात. काहींची घरंच तिथे आहेत. तिथले कोळी बोंबिलासाठी डोल जाळं लावतात. हे पिशवीसारखं, मागे निमुळतं होत जाणारं जाळं समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने पाण्याबरोबर जे येईल ते आत शिरतं. पूर्वी मासळी यायची, आता मासळीबरोबर पिशव्या, बाटल्या, वेष्टनंही येतात. जागतिक प्रश्न म्हणजे काय, हे फळ्यावर एक जाळं काढून दाखवता येतं : 'द नेट स्टॅंड्स इन द वॉटर. फिश कम इन. प्लास्टिक कम्स इन टू.'

बोंबिलाचं भाषांतर मात्र करू नका. 'बॉम्बे डक' म्हटलं की मुलं बदक शोधत बसतात. 'बोंबील इज अ सॉफ्ट फिश. वुई ड्राय इट इन द सन.' एवढं पुरे. (इथे 'इज' चालेल, कारण ती माहिती आहे.) पुरणपोळीला 'स्वीट ब्रेड' म्हणण्याची सवयही आपण सोडू या. आपला शब्द तसाच ठेवून पुढे एक वाक्य जोडलं की ऐकणाऱ्याला कळतं आणि आपल्या पदार्थाचं नावही टिकतं.

हा धडा घेतल्यावर माझ्या वर्गात एका मुलाने वहीत लिहिलं, 'उत्तन इज डर्टी.' व्याकरणात चूक नाही. पण त्याच बाकावर उत्तनची मुलगी बसते. तिने वही पाहिली आणि मान खाली घातली. मी ते वाक्य खोडलं नाही. फळ्यावर विचारलं, 'व्हेअर डज युअर वेस्ट गो?' आपल्या शहराचा कचरा गाडीतून उत्तनच्या धावगी डोंगरावरच्या प्रकल्पात जातो, हे वर्गातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. तिथल्या दुर्गंधीबद्दल, धुराबद्दल गावकरी कित्येक वर्षं तक्रार करत आले आहेत. मग मुलांनीच नवीन वाक्य तयार केलं : 'वुई थ्रो. द ट्रक टेक्स. उत्तन गेट्स.' तीन छोटी वाक्यं, एकही विशेषण नाही. त्या मुलाने ती वहीत उतरवून घेतली, आणि मुलीने खाली स्वतःचं एक जोडलं : 'माय फादर फाइंड्स इट इन द नेट.'

पालकांनी घरी एवढंच करावं. आठवडाभर रोज रात्री कचऱ्याच्या डब्यात काय गेलं, ते मुलाकडून एका इंग्रजी वाक्यात वदवून घ्यावं. वाक्यात क्रियापद हवं, 'इज' नको. स्पेलिंगच्या चुका काढू नका.

शिक्षकांसाठी एक सूचना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात. शाळा जूनच्या मध्याला उघडते. उत्तन-पालीच्या एखाद्या पालकाला वर्गात बोलवायचं असेल तर हेच दिवस बरे. येताना जाळ्याचा छोटा तुकडा घेऊन यायला सांगा. प्रश्न मुलांनी इंग्रजीत विचारावेत, उत्तरं त्यांच्या कोळी बोलीतच येऊ द्यावीत. दोन तासिका लागतात, एका तासिकेत उरकत नाही.