पंखांवरचा बर्फ

१० मार्च १९८९ रोजी कॅनडातील ड्रायडनहून पडत्या हिमात एअर ओंटारिओचे विमान उडाले आणि धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळले. ६९ पैकी २४ जण दगावले. पंखांवरचा बर्फ हवाई सुंदरीने पाहिला होता; प्रवासी म्हणून बसलेल्या दोन वैमानिकांनीही पाहिला होता. कॅप्टनला कोणीच सांगितले नाही. उड्डाणाविषयी आम्ही बोललेले वैमानिकांना रुचत नाही, अशा आशयाची साक्ष तिने न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्यापुढे दिली. तिला भित्री ठरवणे सोपे. पण त्या वैमानिकांच्याही आड व्यावसायिक शिष्टाचार आलाच! अशा मौनाला शिस्त कसे म्हणावे? पुढे दोन्ही वर्गांचे एकत्र प्रशिक्षण रूढ झाले. तथापि नवख्या मुलीच्या पहिल्या शंकेला कॅप्टन कसे उत्तर देतो, यावरच ती दुसरी शंका बोलून दाखवील की नाही, हे ठरते.