घटस्फोटानंतर अपत्याच्या ताब्यातील बदल : कायदेशीर तरतुदी आणि नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना :
घटस्फोटाने पती-पत्नीचे नाते संपुष्टात येते. माता-पिता आणि अपत्य यांचे नाते मात्र कायम राहते. कालांतराने मुलाचे वय वाढते, पालकांपैकी एखाद्याचा पुनर्विवाह होतो वा स्थलांतर घडते. अशा वेळी ताब्याचा पूर्वीचा आदेश बदलता येतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर तरतुदी :
हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ नुसार हुकूमनाम्यानंतरही न्यायालयास अज्ञान अपत्याचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश अर्जावरून वेळोवेळी बदलता वा रद्द करता येतात. रोझी जेकब खटल्यात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश स्वभावतःच बदलास पात्र असल्याचे स्पष्ट केले. विक्रम वीर व्होरा खटल्यात (२०१०) परस्परसंमतीने ठरलेला ताबाही अपत्याच्या हितासाठी बदलता येतो, असे मान्य झाले.

बदलाचे निकष :
आदेश बदलता येतो, याचा अर्थ तो सहज बदलतो असा नव्हे. धनवंती जोशी विरुद्ध माधव उंदे या खटल्यातील १९९७ चा निर्णय येथे मार्गदर्शक ठरतो. पिता अमेरिकेत होता. माता अर्भकास घेऊन भारतात आली होती. पित्याची आर्थिक स्थिती सरस असूनही, मातेजवळ वाढलेल्या मुलाचा ताबा न्यायालयाने तिच्याकडेच ठेवला. परिस्थितीत बदल झाला आहे आणि म्हणून ताबा बदलणे अपत्याच्या सर्वोच्च हिताचे आहे, या दोन्ही बाबी अर्जदाराने सिद्ध कराव्या लागतात. केवळ पैसा पुरेसा नाही. समजत्या वयाच्या मुलाची इच्छाही न्यायालय विचारात घेते.

नंदुरबारचा संदर्भ :
२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे लागू केल्याखेरीज १९५५ चा अधिनियम आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ या जमातींना लागू होत नाहीत. त्यामुळे लोणखेडा-शहादा परिसरातील भिल्ल, पावरा कुटुंबांत रूढीनुसार काडीमोड झाल्यास ताब्यासाठी पालक व पाल्य अधिनियम, १८९० चा आधार घ्यावा लागतो. पंचांसमक्ष ठरलेला ताबा न्यायालयास अपत्याच्या हिताचा स्वतंत्र विचार करण्यापासून रोखू शकत नाही. या अधिनियमाच्या कलम ९ नुसार अज्ञान अपत्य सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. पालक मजुरीसाठी हंगामी स्थलांतर करीत असतील, तर हे 'सामान्य वास्तव्य' कोणते, हाच वादाचा मुद्दा ठरू शकतो. अशा वेळी शाळेचा दाखला व हजेरीपट महत्त्वाचा पुरावा ठरतात.

निष्कर्ष :
ताबा हा विजयी पालकाचा हक्क नसून अपत्याच्या कल्याणाची व्यवस्था आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत. ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत पाड्यांपर्यंत पोहोचविणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे.